पाचव्या महिन्यात बरं वाटतं, तेव्हाच जपायचं

परवा भाचीचा पुण्याहून फोन आला. आवाजातच टवटवी होती. "मावशी, उलट्या थांबल्या गं. भूक लागतेय, झोप लागतेय. आता डॉक्टरांकडे पुढच्या महिन्यात गेले तर चालेल ना? ऑफिसात कामाचा ढीग पडलाय." मी म्हटलं, नाही चालणार. आणि मग तासभर बोलत राहिले.

पाटण तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी एकतीस वर्षं नर्स होते. डोंगरातल्या वाड्या, पायवाटा, पावसाळ्यात ओढ्यापलीकडची माणसं ओढ्यापलीकडेच. इतक्या वर्षांत एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली. तिसऱ्या महिन्यात बाई उलट्यांनी हैराण असते, ती आपणहून येते. आठव्या-नवव्यात पोट अवघडतं, घरचे घेऊन येतात. मधल्या पाचव्या महिन्यात तिला बरं वाटतं आणि ती येतच नाही. गोळ्या सुटतात, सोनोग्राफी राहते, रक्तदाब कुणी बघत नाही. भाचीला त्या तासाभरात जे सांगितलं, तेच इथे लिहिते आहे. पाचवा महिना लागलेल्या कुणालाही उपयोगी पडेल.

आधी आठवडे नीट मोज

आपण महिन्यांवर बोलतो, डॉक्टर आठवड्यांवर, आणि तिथेच घोळ होतो. मोजणी सुरू होते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी, पण ते दोन आठवडेही धरायचे. असे 40 आठवडे, म्हणजे 280 दिवस. आपल्याकडे जुन्या बायका "नऊ महिने नऊ दिवस" म्हणतात. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवतात. किती जवळ आहे बघ! समजा शेवटची पाळी 10 मार्चला आली, तर बाळंतपणाची तारीख 17 डिसेंबरच्या आसपास आणि 20 आठवडे भरतील 28 जुलैला. तारखेच्या दोन आठवडे अलीकडे-पलीकडे बाळ आलं तरी काळजीचं नसतं.

वाडीवरच्या बायकांना तारीख आठवायची नाही. मग मी सण विचारायचे. "होळी झाली होती का? बेंदराला पाळी होती का? गौरी उठल्या त्या दिवशी?" सणावरून तारीख बरोबर निघायची. तुझी तारीख पक्की नसेल, तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीतली तारीख धर आणि तीच शेवटपर्यंत ठेव. प्रत्येक सोनोग्राफीच्या कागदावर वेगळी तारीख दिसेल, त्याने घाबरू नकोस. पुढे बाळांची वाढ वेगवेगळी होते, म्हणून ती हलते.

बाळ आत्ता कुठवर आलंय

विसाव्या आठवड्याला बाळ डोक्यापासून टाचेपर्यंत साधारण 25 सेंटिमीटरचं असतं, वजन 300 ग्रॅमच्या थोडं पुढे-मागे. वाण्याकडचा पाव किलोचा पुडा हातात घेऊन बघ, त्याहून थोडं जड. एवढ्याशा जिवाला भुवया असतात, बोटांच्या टोकांवर ठसे उमटलेले असतात. पापण्या मात्र अजून मिटलेल्या, त्या साधारण सव्विसाव्या आठवड्याच्या आसपास उघडतात. अंगभर बारीक लव असते आणि तिच्यावर पांढरा, लोण्यासारखा लेप चढायला लागतो. महिनोन् महिने पाण्यात राहायचं, तर कातडी टिकायला हवी, त्यासाठी हा लेप. नव्या जन्मलेल्या बाळाच्या मानेत, काखेत तो दिसतो आणि आजी लगेच पुसायला धावते. पुसू नका, तो त्याच्या कातडीला हवा असतो.

बाळ आता गर्भजल गिळतं आणि लघवी करतं. या वेळेपर्यंत भोवतालचं पाणी बहुतेक त्याच्या लघवीचंच असतं. म्हणून सोनोग्राफीत पाण्याचं प्रमाण बघतात, तेव्हा बाळाच्या मूत्रपिंडांचंही काम दिसतं. हृदयाचे ठोके मिनिटाला 110 ते 160. पहिल्यांदा ऐकणाऱ्या बायका दचकतात, "एवढे जोरात?" हो, तेवढेच हवेत. फुप्फुसं मात्र अजून कच्ची आहेत. म्हणून या महिन्यात पोटात कळा आल्या किंवा पाणी गेलं, तर घरी थांबायचं नाही.

एक गोष्ट मला इतक्या वर्षांनंतरही थक्क करते. पोटात मुलगी असेल, तर याच सुमाराला तिच्या बीजकोशांत सगळ्यात जास्त बीजं असतात, साठ-सत्तर लाख. पुढे ती कमीच होत जातात. जन्माच्या वेळी दहा-वीस लाख उरतात आणि नवीन बनत नाहीत. म्हणजे भाचीचं आत्ताचं बाळ ज्या बीजातून वाढतंय, ते बीज भाची माझ्या बहिणीच्या पोटात होती तेव्हाच तयार झालं होतं. बहिणीला हे सांगितलं, तर ती कितीतरी वेळ गप्पच बसली.

ऐकायचं म्हणशील, तर कानाची आतली घडण होत आली आहे, पण आवाजाला बाळ दाद देतं ते साधारण चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्यापासून. तेव्हा गर्भसंस्काराचे महागडे वर्ग लावायची घाई नको. तू रोज घरात बोलतेस, गुणगुणतेस, त्याला तुझाच आवाज सगळ्यात जवळून ऐकू येणार आहे.

पहिली हालचाल

पहिलटकरणीला बाळ फिरल्याचं अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यात कळतं. दुसरेपणाला दोन आठवडे आधीच, कारण आता ओळख असते. कसं वाटतं? कुणी म्हणतं बुडबुडे फुटल्यासारखं, कुणी म्हणतं पाण्यात मासळी फिरल्यासारखं. आमच्या वाडीतली एक म्हणाली होती, "ओंजळीत चिमणी धरावी, तसं." लाथ वगैरे पुढे. पहिले काही दिवस गॅस आहे की बाळ, हे कळतच नाही. रात्री जेवून डाव्या कुशीवर पडल्यावर हात पोटावर ठेवून बघ.

सोनोग्राफीच्या कागदावर वार (प्लॅसेंटा) पुढच्या भिंतीला असल्याचं लिहिलं असेल, तर हालचाल आठवडा-दोन आठवडे उशिरा कळते. बाळ आणि तुझ्या पोटाची भिंत यांच्यामध्ये जणू उशी ठेवलेली असते. त्यात दोष काही नाही. ज्या दिवशी पहिल्यांदा खात्रीने कळेल, ती तारीख कार्डावर लिही. चोवीस आठवडे भरले आणि काहीच कळलं नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं. आत्ताच मोजत बसायचं नाही. या महिन्यात बाळ एक दिवस खूप फिरेल, दुसऱ्या दिवशी शांत राहील. रोजचा ठरावीक क्रम अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमाराला बसतो. तेव्हापासून मात्र हालचाल कमी झाली, तर त्याच दिवशी जायचं, सकाळची वाट बघायची नाही.

मोठी सोनोग्राफी चुकवायची नाही

अठरा ते वीस आठवड्यांच्या मध्ये जी सोनोग्राफी होते, ती नऊ महिन्यांतली सगळ्यात महत्त्वाची. तिच्यात बाळाचं एकेक अंग तपासतात. मेंदूतल्या पोकळ्या, पाठीचा कणा वरपासून खालपर्यंत, हृदयाचे चार कप्पे आणि त्यातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, ओठ फाटला आहे का, जठर, दोन्ही मूत्रपिंडं, मूत्राशय, हातापायांची हाडं, नाळेतल्या तीन रक्तवाहिन्या. वार कुठे आहे, पाणी किती आहे, गर्भाशयाचं तोंड किती लांब आहे, हेही बघतात. अर्धा तास सहज लागतो. डॉक्टर गप्प असतील, तर जीव टांगणीला लावू नकोस. ते मोजमाप घेत असतात. बाळ पालथं किंवा आडवं असेल, तर "जरा चालून या" म्हणतात, कधी दुसऱ्या दिवशी बोलावतात. त्यातही घाबरण्यासारखं काही नसतं.

एक गोष्ट सांगते, सांगताना आजही जड जातं. आषाढात भाताच्या लावणीचे दिवस होते. वाडीतल्या एकीला पाचवा महिना होता, तब्येत ठणठणीत. सोनोग्राफीला कऱ्हाडला जायचं म्हणजे सबंध दिवस मोडतो. "लावणी आटपू दे, मग जाते," म्हणाली. मीही फार रेटलं नाही. ती गेली सत्ताविसाव्या आठवड्यात. बाळाचा कणा खाली उघडा होता. विचार करायला, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला, बाळंतपण मोठ्या दवाखान्यात ठरवायला तिच्याकडे जो वेळ असायला हवा होता, तो लावणीत गेला. आता कायदा असा आहे: 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो, 20 ते 24 मध्ये दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि तेही ठरावीक कारणांसाठी, 24 च्या पुढे बाळात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. 2021 मध्ये कायद्यात हा बदल झाला. बहुतेकींना यातलं काही लागणार नाही. पण वेळेत कळलं, तर निर्णय कुठलाही असो, तो शांतपणे घेता येतो.

तिथे जाताना ओळखपत्र ने आणि आधीचे सगळे रिपोर्ट ने. एक फॉर्म भरून सही घेतात, तो कायद्याने लागतो. मुलगा की मुलगी हे विचारायचं नाही, खुणेनेही नाही. महाराष्ट्राने यासाठी 1988 मध्ये देशात सगळ्यांत आधी कायदा केला, मग 1994 मध्ये देशाचा झाला. सासूबाईंनी विचारायला सांगितलं असेल, तर त्यांना सांग, मावशीने बजावलंय. मुलगी म्हणून पाडलेल्या गर्भांची दुःखं मी बायकांच्या तोंडून ऐकली आहेत, ती मला पुन्हा ऐकायची नाहीत.

"वार खाली आहे" असं लिहून आलं, तर रडत बसायचं नाही. गर्भाशयाचा खालचा भाग पुढे वाढतो, तशी बहुतेक बायकांची वार वर सरकते. बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमाराला पुन्हा बघतात. तोपर्यंत जड उचलायचं का, प्रवास करायचा का, पती-पत्नींनी जवळ यायचं का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचार. लाजायचं नाही. रक्त दिसलं, तर थेंबभर असलं तरी लगेच दवाखाना.

तुझ्या अंगात काय काय बदलतं

गर्भाशयाचा माथा आता बेंबीच्या जवळ आलेला असतो. यापुढे ओटीपोटाच्या हाडापासून या माथ्यापर्यंत टेपने मोजलं, तर जितके आठवडे तितके सेंटिमीटर, दोन इकडे दोन तिकडे. वजन एव्हाना साधारण चार-पाच किलो वाढलेलं असतं, पुढे आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास वाढतं. मुळात बारीक असशील तर जरा जास्त, जाड असशील तर कमी.

रक्ताचं प्रमाण वाढत जाऊन शेवटी जवळजवळ दीडपट होतं. पण त्यातलं पाणी जास्त वाढतं आणि लाल पेशी कमी, म्हणून हिमोग्लोबिन उतरतं. रक्तदाबही या महिन्यांत सगळ्यात खाली असतो, कारण रक्तवाहिन्या सैल पडतात. बसमध्ये उभी असताना, देवळात रांगेत, अंथरुणातून झटकन उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळे. उठताना आधी कुशीवर वळ, मग बस, मग उभी राहा. चक्कर आली, तर जिथे असशील तिथे खाली बस, लोक काय म्हणतील याचा विचार करू नकोस. झोपताना डाव्या कुशीची सवय आत्तापासून लाव. पोट वाढलं, की उताणं झोपल्यावर पाठीमागची मोठी रक्तवाहिनी दाबली जाते. रात्री जाग आल्यावर उताणी सापडलीस, तर फक्त कूस बदल.

जांघेत, ओटीपोटाच्या बाजूला खसकन कळ येते, विशेषतः शिंकताना किंवा वळताना. गर्भाशयाला धरून ठेवणारे दोर ताणले जातात, त्याची ती कळ. खाली बसलीस की जाते. ठरावीक वेळाने येणारी, पोट दगडासारखं करणारी कळ वेगळी, तिला अंगावर काढायचं नाही. बेंबीपासून खाली काळी रेघ येते, गालांवर वांग येतो. बाळंतपणानंतर दोन्ही फिके होत जातात. हिरड्यांतून रक्त येतं, नाक चोंदतं, छातीत जळजळते, पोट साफ होत नाही. कधी छातीतून चिकट पिवळसर थेंब येतो, तो पहिल्या दुधाचा, पिळून बघू नकोस. रात्री पोटरीत गोळा आला, तर पाय सरळ करून टाच पुढे आणि बोटं आपल्याकडे ओढ. अंगावरून पांढरं थोडं जास्त जातं, ते चालतं. वास, खाज किंवा लघवीला जळजळ असेल, तर दाखव.

गोळ्यांचं गणित

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेतला, कारण इथेच माझी स्वतःची चूक झाली. 1993 मध्ये धाकट्याच्या वेळी मी दिवसभर दुसऱ्यांना लाल गोळ्या वाटायचे. माझ्या वाट्याच्या गोळ्यांनी पोट घट्ट व्हायचं, म्हणून पाचव्या महिन्यात मी त्या सोडल्या. बरं तर वाटत होतं! बाळंतपणाआधी हिमोग्लोबिन 7.9 निघालं आणि नंतर रक्तस्राव झाला, तेव्हा दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. धाकटा शेजारी रडत होता आणि मला हात उचलून त्याला जवळ घेता येत नव्हतं.

म्हणून ऐक. सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान 180 दिवस. कॅल्शियम 500 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं, तर लोह अंगी लागत नाही. तेव्हा कॅल्शियम सकाळच्या न्याहारीनंतर एक आणि दुपारच्या जेवणानंतर एक, लोह रात्री झोपताना लिंबूपाण्याबरोबर. त्याच्या आगेमागे तासभर चहा-कॉफी नाही. शौचाला काळं होईल, ते लोहामुळेच. घट्ट होत असेल, तर गोळी सोडायची नाही; रात्री भिजवलेल्या मनुका, पालेभाजी, भरपूर पाणी, संध्याकाळी अर्धा तास चालणं. तरी नाही जमलं, तर डॉक्टर दुसरी गोळी देतात. हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे रक्त कमी, 7 च्या खाली म्हणजे फारच कमी, लगेच दवाखान्यात जायचं. जंताची गोळी या तिमाहीत एकदा देतात आणि धनुर्वाताचं दुसरं इंजेक्शन राहिलं असेल, तर आत्ताच घे.

जेवण दुप्पट नको. रोजच्यापेक्षा एक नाचणीची भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध वाढवलं, की पुरे. भाजी लोखंडी कढईत कर आणि वर लिंबू पिळ. घरात कुणी दाताला मिश्री लावत असेल, तर तू त्या डबीला हात लावू नकोस. आमच्या भागात कितीतरी बायका "त्याशिवाय पोट साफ होत नाही" म्हणून गरोदरपणात लावायच्या. ती भाजलेली तंबाखूच आहे आणि तिने बाळाचं वजन कमी भरतं.

वीस आठवड्यांनंतर रक्तदाब

आत्तापर्यंत खाली असलेला रक्तदाब काहींचा वीस आठवड्यांनंतर वर चढतो आणि सुरुवातीला काहीच जाणवत नाही. 140/90 किंवा त्याच्या वर गेला, तर ती धोक्याची सूचना. म्हणून प्रत्येक खेपेला रक्तदाब आणि लघवी तपासून घ्यायचीच, कुणी विसरलं तर आपण आठवण करायची. संध्याकाळी पावलं सुजतात ती बहुतेकींची. पण सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं, बांगड्या घट्ट, डोकं ठणकतंय आणि थांबत नाही, डोळ्यांपुढे चमकतंय, छातीखाली पोटात दुखतंय, यातलं एक जरी झालं तरी त्याच वेळी निघायचं. रक्त, पाणी, ताप, ठरावीक कळा यांनाही हाच नियम. गाडी नसेल, तर 102 किंवा 108 ला फोन. हे नंबर नवऱ्याच्या आणि शेजारणीच्याही फोनमध्ये असू देत. खासगी दवाखाना परवडत नसेल, तर दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी मोफत होते, तिथे डॉक्टर असतात.

पुढची खेप

चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत साखरेची तपासणी असते. पहिल्या वेळी बरोबर आली असली, तरी पुन्हा करायची. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. 140 किंवा वर आलं, तर गरोदरपणातला मधुमेह. सरकारी पद्धतीत उपाशीपोटी जावं लागत नाही, खासगी दवाखान्यात काय करतात ते आधी विचार. मधले दोन तास तिथेच बसायचं, फिरायचं नाही, म्हणून सोबत कुणी तरी ने आणि नंतर खायला डबा ने. फार गोड लागतं, मळमळतं. उलटी झाली तर लपवू नकोस, लगेच सिस्टरला सांग. अर्ध्या तासाच्या आत झाली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करतात.